एस्प्रेसो मशीनमधले क्षार काढणे: इंदूरच्या घरातल्या नोंदी (मार्च–मे २०२५)

९ मार्च

मशीन जुनं घेतलेलं आहे: एका बॉयलरचं (म्हणजे पाणी तापवायची टाकी, इथे ॲल्युमिनियमची), ५८ मिमीचं पोर्टाफिल्टर (कॉफी भरून मशीनला अडकवायचा दांड्याचा कप), व्हायब्रेशन पंप आणि ग्रुपवर, म्हणजे पोर्टाफिल्टर अडकवतात त्या तोंडावर, थ्री-वे सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप होणारा, तीन वाटांचा). आधीच्या मालकाने त्यात कुठलं पाणी घातलं असेल हे विचारण्यात अर्थ नव्हता, कारण तोही इंदूरचाच.

तक्रारी अशा. कॉफी उतरायला लागणारा वेळ वाढत चाललाय. दळण तेच, वजन तेच, तरी पूर्वी तीस सेकंदांत उतरायची ती आता पन्नासच्या पुढे जाते. ती आंबटही लागते. पंपाचा आवाज घोगरा झालाय. दुधाला वाफ द्यायला घेतली की सुरुवातीला जोर, मग नुसती फुसफुस.

काही उघडण्याआधी एक मोजमाप करून ठेवलं, आणि हे प्रत्येकाने करावं. पोर्टाफिल्टर न लावता पंप १० सेकंद चालवायचा, खाली पडलेलं पाणी वजनकाट्यावर मोजायचं. माझं भरलं ३४ ग्रॅम. नंतर काम सुधारलं की बिघडलं हे या आकड्याशिवाय कळत नाही, चवीवर विसंबू नका.

१० मार्च

आज फक्त पाणी.

आमच्या इमारतीत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. ते खालच्या हौदात पडतं, आणि त्याच हौदात बोअरिंगचंही पाणी सोडतात. गच्चीवरच्या टाकीत काय चढतं हे पंप चालवणाऱ्या काकांनाच माहीत. त्यामुळे ‘आमच्याकडे नर्मदेचं पाणी आहे’ असं कुणी म्हटलं तरी मशीनच्या दृष्टीने त्याला फारशी किंमत नाही.

टीडीएसचं पेन आहे घरात, पण ते विरघळलेलं सगळंच एकत्र मोजतं. मशीनमध्ये दगड होतो तो मुख्यतः कॅल्शियमचा, म्हणून कठीणपणा वेगळा मोजायला हवा. त्यासाठी मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात जीएच टेस्ट किट मिळतं, मला ३५० रुपयांना मिळालं. पाच मिली पाण्यात थेंब-थेंब द्रव टाकायचा, रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे. एक थेंब म्हणजे एक अंश, आणि एक अंश म्हणजे लिटरमागे साधारण १७.८ मिलिग्रॅम.

नळ आल्या-आल्या थेट भरलेलं नर्मदेचं पाणी: ९ थेंब, म्हणजे १६० च्या आसपास. गच्चीवरच्या टाकीतलं: २१ थेंब, म्हणजे पावणेचारशे. आरओचं: दोन थेंबांच्या आत.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा २०० पर्यंत चांगला आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असं आहे. म्हणजे टाकीतलं पाणी माणसाने प्यायला हरकत नाही. कॉफीवाल्यांची शिफारस मात्र कॅल्शियमचा कठीणपणा १७ ते ८५ च्या दरम्यान असावा अशी आहे. माणूस जे पचवतो ते बॉयलर पचवत नाही.

१२ मार्च

सियागंजातून एक किलो सायट्रिक ॲसिड आणलं, १८० रुपये. पाकिटावर ‘सायट्रिक’ असं छापलेलं पाहून घ्या, कारण टाटरी (अशा आंबट चूर्णाचं बाजारातलं नाव) मागितली तर दुकानदार हाताला येईल ते चूर्ण देतो. आईने पुडा पाहिला आणि विचारलं, ‘एवढं लिंबाचं सत? गावजेवणाला सरबत करणार आहेस का?’

प्रमाण: एक लिटर आरओच्या पाण्यात २० ग्रॅम. आरओच का, तर कठीण पाण्यात घातलं की ॲसिडचा थोडा भाग त्या पाण्यातल्याच कॅल्शियमवर खर्च होतो. आणि फार कडक द्रावण करून उकळत्या बॉयलरमध्ये भरलं तर कॅल्शियम सायट्रेट तयार होतं. ते गरम पाण्यात गारपेक्षाही कमी विरघळतं, म्हणजे एक पांढरा थर काढताना दुसरा बसवल्यासारखं. म्हणून मशीन पाच मिनिटं तापवून बंद केलं, कोमट बॉयलरमध्येच द्रावण ओढून घेतलं, वीस मिनिटं ठेवलं, थोडं ग्रुपमधून आणि थोडं वाफेच्या नळीतून सोडलं. मग पुन्हा तेच.

पहिल्यांदा दुधाळ पाणी आलं. दुसऱ्यांदा करड्या रंगाचे बारीक कण. प्रवाह वाढल्यासारखा वाटला. तिसऱ्यांदा पंप लावला तर ग्रुपमधून थेंबही नाही.

इथे घाबरून पंप चालू ठेवू नका, पाण्याशिवाय किंवा बंद वाटेवर तो तापतो. आधी वाफेची नळी उघडून पाहा. माझ्या नळीतून पाणी धो-धो आलं. म्हणजे पंप ठीक, बॉयलरची वाट ठीक. ग्रुपचं बटण दाबल्यावर सोलेनॉइडचा ‘टक्’ ऐकू येतो, म्हणजे कॉइलही जिवंत. अडलंय ते व्हॉल्व्हच्या भोकात.

विचार केला तर हे होणारच होतं. ॲसिड सगळा थर एकसारखा विरघळवत नाही. थराची बूड सुटते आणि पापुद्रे तुटतात, ते पाण्याबरोबर पुढे जातात, आणि पुढे सगळ्यात अरुंद जागा म्हणजे सोलेनॉइडचं दीड-दोन मिलिमीटरचं भोक. हलका थर असेल तर न उघडता ॲसिड फिरवणं चालतं. प्रवाह निम्म्यावर आलेला असेल तर मशीन उघडूनच साफ करा. माझं ३४ ग्रॅम हे त्याच खुणेचं होतं.

द्रावण आत ठेवून झोपू नका. वाफेच्या नळीतून होतं तेवढं बाहेर काढलं, साधं पाणी फिरवलं, मग प्लग काढला.

१६ मार्च

होळी-धुळवडीत कुणी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ दिला नाही. आज रविवार.

सोलेनॉइड काढणं सोपं आहे. कॉइलच्या डोक्यावरचा नट, मग कॉइल सरकवून बाजूला (वायरी सोडवायची गरज नाही, फोटो मात्र काढून ठेवा), मग पितळी ठोकळ्याचे दोन बोल्ट. आत स्प्रिंग आणि एक छोटा दट्ट्या असतो, त्याच्या टोकाला रबराची टिकली. टिकलीवर गोल वळ उमटला होता पण फाटलेली नव्हती. भोकात नखाच्या तुकड्याएवढा करडा पापुद्रा आडवा अडकला होता. त्यामागे आणखी दोन.

भोक सुईने खरवडू नका. पितळ मऊ असतं, बसणीवर (रबराची टिकली टेकते त्या कडेवर) ओरखडा गेला की व्हॉल्व्ह कायमचा ठिबकतो. मी टूथब्रशचा एक केस आणि बांबूची दातकोरणी वापरली. उरलेल्या थरासाठी पितळी ठोकळा सायट्रिकमध्ये ठेवला. दहा मिनिटांनी द्रावणाला निळसर छटा आली. तो रंग म्हणजे आता क्षार नाही, पितळातलं तांबं सुटतंय. लगेच बाहेर काढायचं आणि धुवायचं.

जोडलं, चालवलं. पाणी आलं, १० सेकंदांना ५८ ग्रॅम. पण पंप बंद केल्यावरही ग्रुपमधून टपटप चालूच. बटण बंद असताना या व्हॉल्व्हने बॉयलरची वाट बंद ठेवायची असते. ती बंद होत नाही म्हणजे बसणीवर कण आहे. पुन्हा उघडलं. होताच, वाळूच्या कणाएवढा. बॉयलरमध्ये अजून माल आहे आणि तो येत राहणार, हे त्याने सांगितलं.

मग बॉयलर खोलायला घेतला. चार बोल्ट, ॲलन-कीचे. तीन सुटले. चौथा हलेना. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षं ओलसर राहिला की दोन धातू एकमेकांना धरतात. जोर लावल्यावर ॲलन-कीच बोल्टच्या डोक्यात फिरायला लागली, तिथे थांबलो. गंजावरचं तेल सोडून ठेवलंय.

२० मार्च

काल रंगपंचमी. राजवाड्यावर ताडपत्र्या, खाली गेर (रंग उधळत जाणारी मिरवणूक), सगळा बाजार बंद. आज बॉयलर पिशवीत घालून महाराणी रोडला गेलो. गिझर दुरुस्त करणाऱ्या मिस्तरींनी आत टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाले, ‘भिया, इसको तो पथरी हो गई है. तेजाब में डाल दो, दो मिनट का काम है.’

तेजाब म्हणजे बाथरूमवालं ॲसिड. गिझरच्या तांब्याच्या टाकीवर ते काय करतात ते त्यांचं त्यांना ठाऊक, ॲल्युमिनियमला ते खातं, भिंत पातळ करतं. ‘तेवढं नको, फक्त बोल्ट काढून द्या’ म्हटलं. त्यांनी बोल्टभोवतीचा भाग छोट्या गॅस टॉर्चने तापवला, थोडं तेल सोडलं, बोल्टच्या डोक्यावर पंच ठेवून हातोडीचे दोन ठोके दिले आणि पकडीने धरून फिरवला. निघाला. ॲल्युमिनियम तापलं की स्टीलपेक्षा जास्त फुगतं, तेवढ्याने पकड सैल होते. घरच्या शेगडीवर हा प्रयोग करू नका. एका अंगाला थर्मोस्टॅट असतात, ते आधी काढावे लागतात, आणि ते मी काढून नेले होते.

२०० रुपये घेतले, वर चहा पाजला. येताना सियागंजातून स्टेनलेसचे चार नवे बोल्ट, ४० रुपये.

२२ मार्च

बॉयलर उघडला.

आत तळाला आणि भिंतींना दोन-अडीच मिलिमीटर जाडीचा थर, वरून पिवळसर, तोडल्यावर आतून पांढरा. त्यात बारीक रेघा, एकावर एक. ज्या बाजूला हीटर भिंतीत ओतलेला आहे तिकडे थर सगळ्यात जाड, आणि पाणी आत येण्याच्या भोकापाशी जवळपास नाहीच. तापलं तिथे दगड झाला, हे इतकं स्पष्ट दिसत होतं. थर्मोस्टॅट बाहेरच्या भिंतीचं तापमान वाचतो आणि पाणी मात्र दगडाच्या पलीकडे. म्हणजे कॉफीची आंबट चव आणि वाफेची फुसफुस यांचं मूळ बहुधा इथेच होतं. चव सुधारायला मी मधूनमधून उगाच दळण बदलत बसलो होतो.

साफसफाई: लिटरला १५ ग्रॅम सायट्रिक, कोमट, पंधरा मिनिटं, मग ओतून टाकायचं आणि लाकडी आइसक्रीमच्या काडीने सुटलेलं खरवडायचं. पुन्हा ताजं द्रावण. तारेचा ब्रश नको, स्क्रू-ड्रायव्हर तर मुळीच नको. रात्रभर भिजत घालण्याचा मोह होतो, पण ॲल्युमिनियमवर ते करू नये. द्रावण थर संपला की धातूकडे वळतं, आणि ज्या जागी थर आधी संपतो तिथे जास्त वेळ. बारीक फेस येणं थांबलं की काम झालं समजायचं. खालून धातू काळपट, मळकट दिसतो, तो तसाच राहू द्या. चकचकीत करण्याची गरज नाही.

सुटलेले तुकडे वाळवून तोलले, ११ ग्रॅम. विरघळून वाहून गेलेलं वेगळं.

बॉयलरची ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) चपटी होऊन कडक झाली होती. कुकरच्या दुकानात जुळणारी मिळेल अशी आशा होती, व्यास जुळतो पण जाडी नाही. ऑनलाइन मागवली, १५० रुपये, यायला आठवडा. तोवर सगळा पसारा स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर वर्तमानपत्रात.

२३ मार्च

ग्रुपचं गास्केट. पोर्टाफिल्टर पूर्वी समोर सरळ बसायचा, आता बराच उजवीकडे न्यावा लागतो, तेव्हाच हे बदलायला हवं होतं. रबर भाजून लाकडासारखं झालेलं, पेचकसाने उचकटलं तर तुकडे पडतात. उपाय: लाकडाचे दोन बारीक स्क्रू गास्केटमध्ये समोरासमोर फिरवायचे, पकडीने दोन्ही आळीपाळीने ओढायचे. अख्खं बाहेर येतं. खोबणीतली काळी कॉफी दातकोरणीने काढा, नाहीतर नवं गास्केट नीट बसत नाही आणि दोष गास्केटला मिळतो.

नवं ८.५ मिमीचं, ४२० रुपये. माप ठरवायला जुन्याची जाडी मोजू नका, ते दाबून कमी झालेलं असतं.

ग्रुपच्या तोंडाची चाळणी आणि तिच्यामागची पितळी चकती धुण्याच्या पावडरीत उकळून ठेवली. तेल वेगळं आणि क्षार वेगळे: कॉफीचं तेल अल्कलीने सुटतं, क्षार ॲसिडने. एका औषधाने दोन्ही होत नाहीत, आणि दोन्ही एकत्र तर करूच नका, एकमेकांना मारतात.

३० मार्च

गुढी उभारून झाल्यावर जोडणी. थर्मोस्टॅट पुन्हा बसवताना मध्ये थर्मल पेस्ट लागते, ती जेल रोडच्या कॉम्प्युटरवाल्याकडे ९० रुपयांना मिळाली. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे-थोडे आवळायचे, कुठलाही एकदम पूर्ण कधीच नाही.

वीज लावली आणि घरातला आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडला. श्रीखंड फ्रिजमध्ये, फ्रिज बंद, आईचा आवाज वर. पुन्हा चढवला, मशीन लावलं, पुन्हा पडला.

प्लग काढून मल्टिमीटर लावला. हीटरची दोन टोकं: ३८ ओहम. १४०० वॅटच्या हीटरला २३० व्होल्टवर एवढंच यायला हवं, म्हणजे हीटर शाबूत. टोक आणि मशीनचं अंग यांच्यात मात्र काहीतरी वाचन येत होतं, तिथे काहीच यायला नको. बारकाईने पाहिलं तर ओ-रिंगपाशी पाण्याचा एक थेंब, खाली हीटरच्या टोकावर ओल. बोल्ट पाव फेरा आणखी आवळले, हेअर ड्रायरने अर्धा तास वाळवलं, संध्याकाळपर्यंत उघडं ठेवलं. मग टोक-अंग वाचन नाहीसं झालं, म्हणजे मीटर ‘ओपन’ दाखवू लागला.

हा क्रम असा असायला हवा: हीटरच्या वायरी सुट्या ठेवून, टोकांना टेप लावून, आधी फक्त पंपाने पाणी भरायचं, गळती पाहायची, कोरडं आहे याची खात्री झाली की मगच हीटर जोडायचा. ज्यांच्याकडे आरसीसीबी नाही किंवा अर्थिंग नावापुरतं आहे त्यांनी हे काम हाती घेऊ नये. जुन्या रामबागेतल्या वाड्यांत अशी घरं अजून आहेत.

रात्री साडेनऊला पहिली कॉफी. १० सेकंदांना ८३ ग्रॅम. दळण दोन खुणा बारीक करावं लागलं, कारण आता पाणी जोराने येतं.

६ एप्रिल

आता यापुढचं पाणी, नाहीतर वर्षभरात पुन्हा हेच.

नुसतं आरओ घालून पाहिलं. दगड होणार नाही हे खरं, पण चिकमगळूरची तीच बी बोथट आणि आंबट लागते, आणि इतकं रितं पाणी धातूलाही फार मानवत नाही. आरओ आणि नर्मदा मिसळण्याचा विचार होता, तीनास एक. पण नळाला त्या दिवशी नर्मदा आहे की बोअरिंग यावर प्रमाण बदलतं, आणि एप्रिल-मेमध्ये बोअरिंगच जास्त. रोज सकाळी थेंब मोजून कॉफी करणारा माणूस मी नाही.

ठरलेली रीत: एक लिटर आरओच्या पाण्यात १० ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून बाटली फ्रिजमध्ये. मशीनसाठी पाणी भरताना दर लिटरला त्यातलं १० मिली. म्हणजे लिटरला शंभर मिलिग्रॅम सोडा. यात कॅल्शियम नाही, त्यामुळे बसायला काही नाही, आणि आंबटपणाला आवर घालायला पुरेशी अल्कली आहे. पोटॅशियम बायकार्बोनेट मिळालं तर तेही याच मापात चालतं. बेकिंग पावडर नव्हे, सोडा. बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आमच्याकडे ती एकदा ढोकळ्यात जाता-जाता वाचली.

बॅकफ्लश, म्हणजे पाणी उलट ढकलून ग्रुप आणि सोलेनॉइड धुणं: पोर्टाफिल्टरमध्ये बिनभोकाची टोपली, त्यात अर्धा चमचा कॉफी मशीनची पावडर (डबा ६५० रुपये, बरेच महिने जातो), पंप दहा सेकंद चालू, दहा बंद, असं पाच वेळा, मग नुसत्या पाण्याने तेवढंच. बंद केल्यावर ट्रेमध्ये तपकिरी फेस येतो, तो पाहण्यासारखा असतो. सोलेनॉइड नसलेल्या मशीनवर हे करू नका, दाब बाहेर जायला वाटच नसते.

एकूण खर्च दोन हजार ऐंशी रुपये. त्यातलं मोठं ओझं पावडर आणि गास्केट. वेळ मात्र मोजला तर लाजिरवाणा, आणि तो जवळजवळ सगळा त्या एका बोल्टने आणि ओ-रिंगच्या पार्सलने खाल्ला. ओ-रिंग आणि गास्केट हातात येईपर्यंत मशीन खोलूच नये.

४ मे

बाहेर बेचाळीस अंश. टाकीतलं पाणी आज २६ थेंब, निव्वळ बोअरिंग. मशीनच्या टाकीतलं एक थेंब.

प्रवाह ८२ ग्रॅम. चाळणी काढून आत टॉर्च मारला, पितळ स्वच्छ. सोलेनॉइड उघडलं नाही, टपटप नाही तर कशाला हात लावायचा.

वाफेच्या नळीचा व्हॉल्व्ह मात्र ठिबकतो, गार असताना नाही, तापल्यावर. तो रिव्हेट मारून बंद केलेला असतो, उघडून रबर बदलण्याची सोय नाही. पूर्ण व्हॉल्व्ह नवा घ्यायचा तर अडीच-तीन हजार, म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्या खर्चाहून जास्त. सध्या नळीखाली स्टीलची वाटी ठेवली आहे. कुणी असा व्हॉल्व्ह रिव्हेट तोडून, आत ओ-रिंग बदलून, बोल्टने पुन्हा बंद केला असेल तर रिव्हेटचं भोक कितीचं निघालं आणि कुठला बोल्ट बसला ते कळवा.